बिनपानाच्या झुडपावर पाळत

काल दुपारी शराव सुटला. वाळवंटाच्या बाजूनं येणारा हा कोरडा, गरम वारा डिमोनात शिरला की माणसं खिडक्या लावून घेतात, पडदे ओढतात आणि भांडणंसुद्धा संध्याकाळवर ढकलतात. मी मात्र गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि अंगातला शर्ट निरखतो. बाहीवर कुठे पिवळी पूड बसलीय का? आमच्या बिल्डिंगीपुढे आता चार नव्या बिल्डिंगी उठल्यात, पूड यायची कुठून! तरी बघतो. बायको म्हणते, "आता कोणाच्या मागावर आहात?" हसून म्हणते, पण आत जाताना एकदा वळून बघते. माझ्यावर संशय घेणं हा आमच्या घरातला जुना रिवाज आहे. तो सुरू मीच करून दिला.

पंधरा वर्षं होतील त्याला. तेव्हा आमची बिल्डिंग गावातली शेवटची होती. तिच्यापुढे उतार, उताराखाली कोरडा नाला (इथं त्याला वादी म्हणतात), आणि त्यापलीकडे नुसती पिवळी-करडी जमीन, थेट आभाळाला टेकलेली. घरात आम्ही तिघं: आई, मी आणि धाकटी बहीण रिबका. बाबा मुंबईतच गेले. इस्रायलची तिकिटं हातात आली तेव्हा त्यांच्या कबरीवरचा दगडसुद्धा बसवून झाला नव्हता. माझं नाव सॅमसन. नाव ठेवताना आईबापांच्या मनात काय होतं देव जाणे, मी खनिजांच्या कारखान्यात पोती मोजायला लागलो तेव्हा पोतं जड की मी, यावर पैज लागायची, आणि पोतं जिंकायचं.

पेसाहला, म्हणजे आम्हा ज्यूंच्या वल्हांडणाला, आई अजून कोकणातल्या जुन्या नावानं 'अनाशी ढाकाचा सण'च म्हणते. त्याच्या दुसऱ्या रात्रीपासून शावुओत या कापणीच्या सणापर्यंत ओमेरचे, म्हणजे मोजणीचे, एकोणपन्नास दिवस. रोज सूर्य बुडाला की एक दिवस मोजायचा, मोठ्यानं, उभं राहून. या दिवसांत लग्नं नाहीत, वाजंत्री नाही. शेतातलं पीक घरात येईपर्यंत जसा माणूस श्वास धरून असतो, तसे हे सात आठवडे. त्या वर्षी आमच्या घरानं तर दुहेरी श्वास धरला होता. पेसाहच्या आधी लोद गावाहून मुलाकडची एक मावशी येऊन रिबकाला बघून गेली होती. मुलगा आपल्यातलाच, ठाण्याकडचा, विमानांच्या वर्कशॉपात कायम नोकरीला. मावशी उठताना म्हणाली, "घाई नाही हो. ओमेर उठला की उत्तर द्या."

आईनं तिला दारापर्यंत पोचवलं, दार लावलं आणि माझ्याकडे वळली.

"सॅमसन, तो झाडपाल्यावाला आपल्या मुलीसाठी येतो की झाडपाल्यासाठी, ते तू मला शावुओतच्या आत सांगायचं. लोदवाल्यांना लटकत ठेवून पोरगी दोन्हीकडून जायची."

झाडपाल्यावाला म्हणजे योराम. हिवाळ्यात एकदा पाणी मागायला दारात उभा राहिला होता. तेल अविवचा, विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकणारा. चपला झिजलेल्या, गळ्यात भिंग, काखेत वही. आईनं पाण्याबरोबर आलं घातलेला चहा दिला, चहाबरोबर चपाती दिली, आणि चपातीबरोबर तो आमच्या घराला चिकटला. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळच्या बसनं यायचा, वादीत उतरायचा आणि दुपारी आमच्याकडे चहाला.

मंगळवारच का? मंगळवारी दुपारी गावातली दुकानं बंद असतात, आणि रिबका मदतनीस होती तो दवाखानाही. झुडपाला काय सोमवार काय मंगळवार! मी हे मनात टिपून ठेवलं. पुढं, तो आईला 'आई' म्हणायचा. हिब्रूत एक तर 'अहो-जाहो' नाही. पहिल्या दिवसापासून सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, त्यामुळे माणूस लांब होता तो जवळ कधी आला, याची खूणच राहत नाही. त्यात हा बाबा चक्क मराठीत 'आई'! तेही टिपलं. आणि लोणचं. आईचं लिंबाचं लोणचं खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, नाक लाल झालं, आणि त्यानं आणखी एक फोड मागितली. तेल अविवचा माणूस लोणचं दुसऱ्यांदा मागतो, म्हणजे त्याला लोणचं नको आहे, दुसरंच काहीतरी हवं आहे. एवढं मला बॉटनी न येताही कळत होतं.

आणि बॉटनी मला येत नव्हती हे सिद्ध झालेलं होतं. मुंबईला इंटर सायन्सला मी तिच्यात दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. पण आईच्या हुकुमावरून योरामच्या मागे वादीत उतरलो तेव्हा मी त्याला गंभीरपणे सांगितलं, "मीसुद्धा कॉलेजात वनस्पतिशास्त्र केलंय."

त्याचा चेहरा इतका उजळला की मला त्याचाही संशय आला.

वादीच्या वळणावर एका खडकाला रेलून ते झुडूप बसलं होतं. बसलं होतं म्हणजे पसरलं होतं, कोणीतरी हिरव्या हिराची केरसुणी आपटून फेकावी तसं. कमरेइतकं उंच. पानाचा पत्ता नाही. नुसत्या हिरव्या काड्या, आणि काड्यांना पेरं, उसासारखी, पण सुतळीएवढ्या उसाला असतील तशी.

"रोतेम," मी ठोकून दिलं. रोतेम इथं वाळवंटात पावलोपावली. तोही असाच काडीकाडीचा.

"रोतेम नाही. शर्वितान."

"पानं गळलीत याची."

"गळली नाहीत. हीच आहेत." त्यानं भिंग माझ्या हातात दिलं. पेराच्या सांध्यावर दोन कोरडे खवले चिकटले होते, नखाच्या कातड्याएवढे. "पानं म्हणजे पाणी उडवायची दारं. यानं दारंच काढून टाकली. जेवण काडी बनवते."

"आणि फुलं?"

"फुलं येत नाहीत याला. शंकू येतात."

"शंकू पाइनला येतात," मी म्हणालो. दोनदा नापास झालो असलो तरी तेवढं एक चित्र मी दोन्ही वेळा बरोबर काढलं होतं.

"हा पाइनचाच लांबचा नातलग. बी उघडं असणाऱ्यांतला."

मी हसलो. डोंगरावरचा तो देवळाच्या कळसासारखा पाइन कुठे आणि ही खराट्याची जात कुठे! पण योराम हसला नाही. म्हणाला, यावरून त्याचे प्रोफेसरही आपसांत भांडतात. शंकू धरतो म्हणून पाइनवाले याला आपला म्हणतात, पण लाकूड कापलं तर आतल्या नळ्या फुलझाडासारख्या. म्हणून दोन्हीकडचे लोक याच्याकडे जरा डोळे बारीक करून बघतात.

ते ऐकून मला त्या झुडपाबद्दल एकदम आपुलकी वाटली. आम्ही या देशात उतरलो तेव्हा आमच्याकडेही असेच डोळे बारीक करून बघितलं गेलं होतं. आजी कोण, पणजी कोण, तुम्ही इतकी शतकं कोकणात काय करत होता, शब्बाथ पाळत होता याला पुरावा काय? कोकणात आम्हाला अख्खा मुलूख शनवार तेली म्हणत होता. शनिवारी आमचा घाणा बंद म्हणजे बंद, हे आसपासच्या बैलांनासुद्धा माहीत होतं, पण बैलाची साक्ष इथं कोण काढणार? आईनं मात्र एका चौकशीवाल्याला उलट विचारलं होतं, "तुमच्या पणजीचं नाव काय, भाऊ?" त्याला आठवलं नाही. आई म्हणाली, "बघा. आणि माझी तर मला पाठ आहे."

पण माणसाचा स्वभाव बघा. ज्याला स्वतःला असं चाळणीतून गाळलं गेलंय, त्यानं तरी दुसऱ्याला गाळू नये की नाही? मी तर चाळणी घेऊनच हिंडत होतो.

गावाचाही थोडा दोष होताच. काही शेजारी रोज सकाळी बसमध्ये बसून वाळवंटातल्या कुंपणाआड कुठे कामाला जातात, हे त्यांना विचारायचं नसतं, असं आम्ही डिमोनात आल्या आल्या शिकलो होतो. जिथं न विचारणं ही सभ्यता असते, तिथं माणूस मनातल्या मनात फार विचारतो.

शर्वितानात नर झुडूप वेगळं, मादी वेगळी. वादीच्या वरच्या अंगाला दोन नर होते. पेसाहच्या सुमाराला त्यांच्या पेरापेराला मोहरीएवढे पिवळे शंकू लगडले. मादी ती खडकाला रेललेली, एकटीच. तिचे शंकू हिरवे, लाजरे, शोधावे लागायचे. हे शंकू वाऱ्यानं आलेला पराग घेतात, फुगतात, लाल होतात आणि त्यांच्या पोटात एक-दोन कडक बिया धरतात. योरामला पाहायचं होतं की परागावाचून काहीच होत नाही ना. त्यासाठी त्यानं मादीच्या बारा फांद्यांवर बारा पांढऱ्या पिशव्या चढवायचं ठरवलं. पिशवीत पराग शिरणार नाही, शंकू वाळून जातील, आणि वहीत बारा शून्यं पडतील. एवढ्या शून्यांसाठी तेल अविवहून भाडं खर्चून यायचं!

पिशव्या शिवायला त्यानं कापड आणून दिलं रिबकाला.

"तेल अविवमध्ये शिंपी मेले का सगळे?" मी विचारलं.

"दादा, माशीन आपल्या घरात आहे," रिबका म्हणाली, आणि पुढचं सगळं हिब्रूत. आईपुढे बोलायचं नसलं की पोरगी हिब्रूत घुसायची, जसा ससा बिळात.

तिनं दाट विणीच्या मलमलीच्या बारा पिशव्या शिवल्या. तोंडाला लाल दोरा. दोघांनी मिळून त्या बांधल्या. मी वरून, गॅलरीतून पाहत होतो. एक पिशवी बांधायला किती वेळ लागावा? मी घड्याळ लावलं होतं. शेवटी योरामनं वर येऊन माझा हात धरला. "सॅमसन, मी आठवड्यातून एकदाच येतो. बेदुइनांच्या बकऱ्या येतात. तू वनस्पतिशास्त्र केलेला माणूस. माझ्या पिशव्यांवर लक्ष ठेवशील?"

म्हणजे ज्याच्यावर पाळत ठेवायची, त्यानंच मला पाळतीवर नेमलं. मी मान हलवली.

आता जे सांगतो ते आमच्याच लोकांच्या डोक्यात येऊ शकतं. आम्ही नवस बोलतो तो एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला. नवस फळला की पोह्यांचा मलिदा, नारळ, फळं यांचं ताट मांडतो. पण कोकणात शेजाऱ्यांच्या सवयी शिवेवर अडत नाहीत. आईची एक मावशी, मुलगी खपत नव्हती म्हणून, गुपचूप जाऊन झाडाला पुरचुंडी बांधून आली होती. पांढरं फडकं, लाल दोरा, आत तांदूळ आणि हव्या त्या मुलाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. ही गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून हळू आवाजात सांगितली जायची. रिबकानंही ऐकली होती.

आणि आता गॅलरीतून मला काय दिसत होतं? झुडूप. पांढऱ्या पुरचुंड्या. लाल दोरे. बारा!

ओमेरचा बारावा की तेरावा दिवस. माझी दुसरी पाळी होती, सकाळ मोकळी. रिबका दवाखान्यात, आई शेजारी. शराव असा सुटला होता की वादीतले दगड तापून कुरकुरत होते. मी खाली उतरलो. बकऱ्या आहेत का पाहायला, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि माझा स्वतःवर तेव्हा तरी विश्वास होता.

पहिली पिशवी सोडली. चिठ्ठी नाही. दुसरी सोडली. नाही. मग वाटलं, एवढी बिलंदर पोर, ती काय पहिल्या पिशवीत ठेवणार? तिसरी, चौथी. वारा वरून, त्या दोन नरांच्या अंगावरून खाली येत होता. मध्येच एक पिवळा धूर उठला आणि माझ्या अंगावरून गेला. मी चार शिंका दिल्या. सगळ्या पिशव्या उघड्या टाकून मी एकेक फांदी उलटीपालटी करून पाहिली. चिठ्ठी नव्हती, तांदूळ नव्हते. प्रत्येक हिरव्या शंकूच्या टोकाला मात्र एक थेंब होता.

तो थेंब मी विसरू शकत नाही. एवढ्या उन्हात, जिथं जिभेलासुद्धा ओल राहत नव्हती, तिथं टाचणीच्या डोक्याएवढा स्वच्छ, गोल, चकचकीत थेंब. कोणीतरी एकेका शंकूला डोळा बसवावा तसा. आणि सगळे डोळे माझ्याकडे. हे काय आहे? कोणी लावलं? बोटानं एक टिपला आणि जिभेला लावला. किंचित गोड. माझ्या डोक्यात तेव्हा काय आलं सांगायला लाज वाटते. साखरपाणी! साखरपुड्याआधीच हे काय चाललंय? या दोघांचा हा कसला विधी?

घाईघाईनं सगळ्या पिशव्या चढवल्या, दोरे आवळले आणि वर पळालो. आरशात पाहिलं तर मिशा पिवळ्या, बाह्या पिवळ्या. शर्ट धुऊन टाकला. आई म्हणाली, "तू आणि शर्ट धुतोस?" मी म्हणालो, "शराव आहे ना." या देशात शराववर काहीही ढकलता येतं.

त्यानंतरचे आठवडे मला रंगांनी आठवतात. आधी पिवळा, मग नरांचे शंकू झडून गेल्यावरचा करडा. ओमेरच्या तेहतिसाव्या दिवशी, लाग बाओमेरला, गावातल्या पोरांनी फळकुटं गोळा करून शेकोट्या पेटवल्या. तोवर मोकळ्या शंकूंवर हळूहळू चढत आलेली लाली, डाळिंबाचे दाणे काडीला चिकटवावेत तशी. पक्षी येऊ लागले. पिशव्या पांढऱ्याच. आई रोज संध्याकाळी ओमेर मोजायची आणि मोजून झाल्यावर माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "अजून काही कळत नाही." ते मात्र खरं होतं. योराम रिबकाशी बोलताना बियांविषयी बोलायचा, आणि बियांविषयी बोलताना रिबकाकडे बघायचा. यातलं कुठलं टिपायचं?

शावुओतला दोन आठवडे होते. मंगळवार. योराम पिशव्या सोडायला वादीत गेला आणि थोड्याच वेळात ओरडत वर आला. हातात पिशवी काढलेली एक फांदी. तिच्यावर पाच शंकू, टच्च लाल.

"बारातल्या नऊ! नऊ पिशव्यांत बी धरलंय! सॅमसन, हिला नर लागत नाही! नराशिवाय बी! कोणी लिहिलं नाही हे, कोणीच नाही!"

त्यानं मला मिठी मारली. माझे पाय जमिनीवरून सुटले. सॅमसन मी, पण उचलला गेलो.

मग एकाएकी थांबून त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. "कोणी हात लावला नाही ना पिशव्यांना?"

"कोण लावणार?" मी म्हणालो.

तो आत जाऊन खुर्चीवर बसला आणि भराभर बोलत सुटला. पुढच्या आठवड्यात प्रोफेसर स्वतः पाहायला येतील. हे खरं ठरलं तर विद्यापीठात जागा नक्की. एक जागा रिकामी आहे, दोघं रांगेत आहेत. आणि जागा मिळाली की... इथं तो अडखळला, लाल झाला. "जागा मिळाली की मला आईशी बोलायचंय. रिकाम्या हातानं कसं बोलू?"

आईला हिब्रू बेताचीच यायची, पण एवढं कळायला भाषा लागत नाही. ती उठली आणि चहात साखर जास्त घातली. माझी इतक्या आठवड्यांची पाळत संपली, उत्तर मिळालं. आणि ते उत्तर ज्या नऊ पिशव्यांवर उभं होतं, त्यांत मी उघडल्यामुळेच, मला शिंका आणणारी ती पिवळी पूड शिरली होती.

मी जिन्यात जाऊन बसलो. मागून रिबका आली. तिच्या हातात एक रिकामी पिशवी होती, दोरा अजून अर्धा अडकलेला.

"दादा, मी सरफास मारली होती. एक दोरा ओढला की सुटते."

तिनं अडकलेला दोरा माझ्यापुढे धरला.

"ही पोत्याची गाठ आहे. कात्री लागली सोडवायला."

"बकरी..."

"बकरी तुझ्या कारखान्यात आहे का कामाला?"

मग मी सांगितलं. पुरचुंडी, चिठ्ठी, थेंब, सगळं. वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. ती थोडी हसली, आणि ते जास्त लागलं.

"माझी चिठ्ठी शोधत होतास? मला विचारलं असतंस तर मी तोंडानं सांगितलं असतं."

"रिबका, ऐक. गप्प बसलं तर काय बिघडतं? त्याला जागा मिळते, तुला तो मिळतो. झुडूप काय कोर्टात जाणार आहे?"

"आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा पिशव्या बांधेल, तेव्हा काय होईल?"

बारा शून्यं. सगळ्या विद्यापीठासमोर.

"चहा संपायच्या आत तू सांग," ती म्हणाली, "नाहीतर मी सांगते. मी सांगितलं तर मला वाईट वाटेल. तू सांगितलंस तर फक्त तुला."

आत गेलो. योराम बशीत ओतून चहा पीत होता, आईनं शिकवल्यासारखा. मी उभ्याउभ्याच सांगितलं, तोडक्या हिब्रूत, आणि आईला कळावं म्हणून मध्ये मध्ये मराठीत. त्यामुळे मला माझा गुन्हा दोनदा सांगावा लागला. योरामनं बशी खाली ठेवली. त्याचा चेहरा कसा झाला ते लिहिणार नाही. त्यानं वही उघडली.

"कुठला दिवस?"

सांगितला.

"वारा?"

"वरून. नरांकडून."

"थेंब होते?"

"होते. गोड होते."

त्यानं मान वर केली. "चाखलास?"

"एकच."

"तीन वर्षं मी ते थेंब बघतोय," तो हळू म्हणाला. "चाखला नाही कधी." आणि त्यानं तेही लिहिलं. मग आधीच्या पानावर, जिथं त्यानं मोठ्या अक्षरांत नऊचा आकडा लिहून भोवती गोल काढला होता, तिथं एक आडवी रेघ मारली. पट्टी लावून. खोडायचं ते नीट खोडावं, अशी सवय असेल. "प्रोफेसरांना आजच सांगायला हवं," म्हणाला आणि उठला. आईला 'आई, येतो' म्हणाला नाही. रिबकाकडे त्यानं बघितलं, पण काय बघितलं ते मला त्या बाजूनं दिसत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. सकाळची बस आली, गेली. चहाचं पाणी आईनं ठेवलं आणि उतरवलं. रिबका दवाखान्यातून येऊन माशिनीवर कापड न घालता नुसतं चाक फिरवत बसली. माझं मन लगेच कामाला लागलं: आला नाही म्हणजे बियांसाठीच येत होता. निमित्त मिळालं, सुटला. मी हे आईला बोलून दाखवलं. आई म्हणाली, "तू आता काही दिवस काही शोधून काढू नकोस."

शावुओत झाला. ओमेर उठला. लोदच्या मावशीचं कार्ड आलं, अक्षर गोंडस, मजकूर धारदार: उत्तराची वाट पाहत आहोत.

त्यानंतरच्या मंगळवारी, सकाळच्या बसनं, योराम आला. भिंग नाही, वही नाही. इस्त्रीचा शर्ट, आणि चपलांऐवजी बूट, ते त्याला चावत असावेत. आधी त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, प्रोफेसर फार रागावले, मग फार हसले. जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या वसंतात सगळं पुन्हा करायचं. तोवर बेर शेवाला एका शाळेत शिकवायला घेतात का ते पाहणार आहे, घेतीलच असं नाही.

"हे सगळं सांगायला एवढ्या लांब आलास?" आईनं मराठीत विचारलं. रिबकानं भाषांतर केलं नाही. ती भिंतीकडे बघत होती.

पण त्याला कळलं. "रिकाम्या हातानं बोलायला आलोय," तो म्हणाला.

आईनं पाण्याचा रिकामा पेला उचलला. त्याच्या बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सॅमसन, कागद घे. लोदला लिही."

बाबांच्या मागं घरचा कर्ता मी, म्हणून सही माझी लागायची. मी नमस्कार-चमत्कार लिहिले आणि स्वतःच्या हुशारीनं पुढं लिहिलं की मुलीची प्रकृती हल्ली ठीक नसते, तेव्हा लग्नाचा विचार तूर्त लांबणीवर टाकला आहे. कोणाचं मन दुखायला नको. आईला वाचून दाखवलं.

"खोड ते," आई म्हणाली.

"आई, त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे. मुलीनं दुसरा मुलगा पसंत केला आहे आणि आम्हालाही तो पसंत आहे, असं लिही. जागा गेली तरी खोटं नको म्हणणारा माणूस समोर बसलाय, आणि तू त्याच्यादेखत माझ्या धडधाकट पोरीला आजारी पाडतोस?"

मी खोडलं. पट्टी लावून. पुढं आईनं सांगितलं तसं लिहिलं, सही केली, पाकीट चिकटवलं. योराम न कळता बघत होता, आणि आता रिबका त्याला हळू आवाजात, एकेक वाक्य, हिब्रूत सांगत होती.

"मी टाकून येतो पोस्टात," मी उठलो.

"थांब," रिबका म्हणाली. "मी येते बरोबर."

कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत दोनशे पावलं असतील. ती माझ्या शेजारून चालली, नजर माझ्या हातातल्या पाकिटावर. मी ते पेटीच्या फटीत घातलं. आत पडल्याचा आवाज आला, दोघांनीही ऐकला. तरी तिनं मला बाजूला केलं, फटीत दोन बोटं घालून आतून चाचपून पाहिलं, आणि मग म्हणाली, "चल."